तुमची फाइल, त्यांची बैठक: सरकारी संशोधन अनुदान कसं ठरतं आणि अर्ज कसा लिहावा

माझे दोन अर्ज नाकारले गेले, तिसरा मंजूर झाला, आणि त्यानंतर काही वर्षांनी परीक्षक म्हणून दुसऱ्या कुणाचा अर्ज पहिल्यांदा माझ्याकडे वाचायला आला. शनिवारची दुपार होती, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारून बसले. विषय माझ्या विषयाच्या शेजारचा, पण माझा नव्हे. चार पानं संपली तरी या माणसाला नेमकं काय करायचंय ते कळेना. जागतिक पार्श्वभूमी होती, संदर्भांची रांग होती, 'अत्यंत महत्त्वपूर्ण' हे शब्द तीनदा होते. पाचव्या पानावर एका वाक्यात कल्पना सापडली, आणि ती खरोखर छान होती. तोवर मी दोनदा चहा करायला उठले होते. संध्याकाळी माझे जुने नापास अर्ज काढून बघितले. दोन्हींत खरी गोष्ट पाचव्या पानाच्या आसपासच होती.

तुमच्या अर्जाचा निर्णय करणाऱ्यांपैकी बहुतेकजण तुमच्या नेमक्या विषयातले नसतात. बैठकीत तुम्ही नसता. तिथे कुणीतरी एकजण काही मिनिटांत तुमची फाइल इतरांना समजावून सांगतो. अर्ज लिहायचा तो त्या माणसाच्या हातात द्यायला. पुढचं सगळं या एकाच हिशेबाने लिहिलंय. उदाहरणं विज्ञानातली आणि भारतातली आहेत, कारण मी तिथेच ठेचा खाल्ल्या.

कुणाचं दार ठोठवायचं

विज्ञान-अभियांत्रिकीसाठी आज सगळ्यात मोठं दार म्हणजे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, बोलीभाषेत एएनआरएफ. आधी हे काम एसईआरबी म्हणजे सायन्स अँड इंजिनिअरिंग रिसर्च बोर्ड ही सरकारी संस्था करायची, २००८च्या कायद्याने स्थापन झालेली. २०२३ साली नवा कायदा आला, ५ फेब्रुवारी २०२४ पासून तो लागू झाला आणि एसईआरबी एएनआरएफमध्ये विलीन झाली. नियामक मंडळाचे अध्यक्ष पदसिद्ध पंतप्रधान, कार्यकारी परिषदेचे अध्यक्ष सरकारचे प्रधान वैज्ञानिक सल्लागार. २०२३ ते २०२८ या पाच वर्षांत ५०,००० कोटी उभे करायचे असं जाहीर झालं, पण त्यातले १४,००० कोटीच केंद्र सरकारचे. उरलेले ३६,००० कोटी उद्योग, सार्वजनिक कंपन्या आणि देणगीदारांकडून यायचे. वर्तमानपत्रातला मोठा आकडा वाचून हुरळू नका, एवढ्यासाठी हे सांगितलं.

बाकीची दारं विषयाप्रमाणे. जैवतंत्रज्ञानाला केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग म्हणजे डीबीटी, वैद्यकीय संशोधनाला आयसीएमआर, सामाजिक शास्त्रांना आयसीएसएसआर, अणुविज्ञानाशी नातं असेल तर मुंबईचं बीआरएनएस, अवकाशाशी असेल तर इस्रोची 'रिस्पॉन्ड' योजना. सीएसआयआरही बाहेरच्या संस्थांतल्या संशोधकांना प्रकल्प देते. राज्याच्या पातळीवर राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे. कॉलेजातल्या शिक्षकांना एकेकाळी यूजीसीचे मायनर आणि मेजर प्रोजेक्ट हा मोठा आधार होता. ज्येष्ठ सहकारी अजून त्या आठवणी काढतात, पण तुम्ही त्या भरवशावर राहू नका.

दार निवडताना योजनेच्या नावापेक्षा तिने गेल्या दोन-तीन वर्षांत मंजूर केलेल्या प्रकल्पांची यादी बघा. बहुतेक संस्था ती प्रसिद्ध करतात. शीर्षकं वाचा, कोणत्या संस्था आहेत ते बघा. तुमच्यासारखं कॉलेज त्या यादीत एकदाही नसेल, तर त्या योजनेवर तीन महिने घालवण्याआधी विचार करा. एसईआरबीने राज्य विद्यापीठं आणि त्यांच्या कॉलेजांसाठी 'शुअर' ही वेगळी योजना काढली होती, ३ वर्षांत ३० लाखांपर्यंतची. गणितवाल्यांसाठी 'मॅट्रिक्स' आहे, वर्षाला २ लाखांची. त्यात मोठं उपकरण नाही आणि कटकटही कमी. नव्याने नोकरीला लागलेल्यांसाठी पंतप्रधानांच्या नावाची अर्ली करिअर योजना आहे, ३ वर्षांत ६० लाखांपर्यंत. तिथे वयाची आणि पहिल्या कायम नोकरीच्या तारखेची अट असते, तेव्हा नेमणुकीचं पत्र आधी हाताशी घ्या.

कार्यालयातली चाळणी

अर्ज पोर्टलवर गेला की तो थेट शास्त्रज्ञांकडे जात नाही. आधी योजनेचा कार्यक्रम अधिकारी आणि त्याची टीम बघते: पात्रता, जोडपत्रं, संस्थेचं एंडॉर्समेंट म्हणजे पाठिंब्याचं पत्र, मजकूर-साम्याची तपासणी, आणि हाच प्रकल्प दुसरीकडे दिलाय का. इथे गुण मिळत नाहीत. इथे फक्त बाद होता येतं.

आणि माणसं बाद होतात. एंडॉर्समेंटवर प्राचार्यांची सही हवी, ते तीन दिवस परिषदेला. शिक्का हवा, तो कपाटात. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. शेवटच्या संध्याकाळी पोर्टल रांगतं ते वेगळंच. माझा नियम असा: अर्ज अर्धा झालेला असतानाच सहीचा कागद फिरवायला काढायचा आणि शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी 'सबमिट' दाबायचं. शंका असेल तर कार्यक्रम अधिकाऱ्याला ईमेल करा. आपल्याकडे लोक उगाच घाबरतात. दोन ओळींचा मुद्देसूद प्रश्न विचारला तर बहुतेकदा उत्तर येतं.

एक बारकी पण मोठी गोष्ट. फॉर्ममध्ये विषय आणि उपविषय निवडायचा रकाना असतो. तुमची फाइल कोणत्या समितीपुढे जाणार ते त्यावर ठरतं. मी सूक्ष्मजीवशास्त्राची, पण माझा प्रश्न परिसंस्थेचा होता. पहिल्या वेळी सवयीने माझ्या पदवीचा विषय निवडला, आणि अर्ज अशा लोकांपुढे गेला ज्यांना 'यात नवा रेणू कुठला?' हा प्रश्न पडणं स्वाभाविकच होतं. प्रश्नाचा विषय निवडा, तुमच्या पदवीचा नव्हे.

परीक्षक आणि समिती

यानंतर अर्ज बाहेरच्या परीक्षकांकडे जातो. ते सहसा दोन-तीन, नोकरी सांभाळून वाचणारे. त्यांच्यासमोर ठरावीक प्रश्न असतात: कल्पना नवी आहे का, पद्धत पटते का, या माणसाला हे जमेल का, संस्थेत सोय आहे का, मागितलेले पैसे रास्त आहेत का. काही योजनांत ही पायरी गाळून थेट तज्ज्ञ समितीच वाचते. काहींत निवडक अर्जदारांना सादरीकरणाला बोलावतात.

मग बैठक. एएनआरएफ, डीएसटी (केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग), डीबीटी, सगळीकडे समित्यांची नावं वेगळी, पण रीत साधारण एकच. प्रत्येक सदस्याला काही फाइली वाटून दिलेल्या असतात. तो प्रस्ताव थोडक्यात सांगतो, परीक्षकांची मतं सांगतो, आपलं मत देतो. इतर प्रश्न विचारतात. अर्जदार सदस्याच्याच संस्थेतला किंवा त्याचा जुना विद्यार्थी असेल, तर सदस्याने खोलीबाहेर जायचं असतं. शेवटी क्रम लागतो आणि उपलब्ध पैशांच्या ओळीने तो कापला जातो.

वरचे थोडे अर्ज सगळ्यांनाच आवडतात, तळाचे कुणालाच नाही. भांडण असतं ते मधल्या गठ्ठ्यात, आणि तुमचा-माझा अर्ज बहुतेकदा तिथेच असतो. तिथे 'यांचं काम चांगलं दिसतंय, पण नेमकं करणार काय?' या प्रश्नाला तुमची बाजू मांडणाऱ्याकडे तयार वाक्य असेल, तर फाइल वर सरकते. नसेल तर तो पानं चाळू लागतो आणि चर्चा पुढच्या फाइलकडे जाते.

आपल्याकडे हे सगळं बरंचसं दाराआड चालतं, म्हणून अमेरिकेच्या एनआयएचची, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेची, पद्धत माहीत असलेली बरी. ती उघडपणे लिहून ठेवलेली आहे. तिथे नेमलेले परीक्षक १ ते ९ गुण देतात आणि १ म्हणजे सर्वोत्तम. आपल्या दहावीच्या टक्क्यांच्या अगदी उलट! प्राथमिक गुणांवरून साधारण खालच्या निम्म्या अर्जांवर बैठकीत चर्चाच होत नाही. उरलेल्यांना सगळे सदस्य गुण देतात, सरासरीला दहाने गुणतात, म्हणजे अंतिम आकडा १० ते ९० यांच्यात. त्यानंतर वेगळं सल्लागार मंडळ पैशांची शिफारस करतं. जानेवारी २०२५ अखेरपासूनच्या अर्जांना तिथे आणखी एक बदल लागू झाला: संशोधनाचं महत्त्व आणि पद्धतीचा काटेकोरपणा यांना गुण, पण अर्जदाराची पात्रता आणि संस्थेच्या सोयी यांना गुण नाहीत; त्या पुरेशा आहेत की नाहीत एवढंच बघायचं. मोठ्या संस्थेचं नाव पाहून हात सैल सुटू नये, हा हेतू. आपल्याकडे हे व्हावं असं मला मनापासून वाटतं. तोवर बायोडेटाला वजन आहे हे धरून चाला.

प्रस्ताव लिहिताना

माझ्या विषयातलंच उदाहरण घेते. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर पावसाळ्यात डबकी साचतात आणि दिवाळीपर्यंत आटतात. त्यांतल्या जिवाणूंवर काम करायचंय. पहिल्या प्रयत्नात कुणीही लिहील ते उद्दिष्ट असं: 'सड्यांवरील सूक्ष्मजीवांच्या विविधतेचा अभ्यास करणे.' यात खोटं काही नाही. पण हे काम कधी संपलं म्हणायचं? निष्कर्ष चुकला हे कशावरून कळणार? समितीत हे वाक्य वाचून दाखवलं तर समोरचे मान डोलावतील आणि विसरतील.

आता हे बघा: 'डबकं आटताना कोणते जिवाणू बीजाणूरूपात तगून राहतात आणि पहिल्या पावसानंतर किती दिवसांत परततात, हे सलग दोन मोसमांत मोजणे.' कोण, केव्हा, किती, सगळं एका दमात. याला विरोध करता येतो, आणि विरोध करता येणं ही चांगली खूण आहे. उद्दिष्टं तीन पुरतात. सात उद्दिष्टं असली की परीक्षक समजतो, याचं ठरलेलं नाही.

सारांश सगळ्यात शेवटी लिहा, पण सगळ्यात जास्त वेळ त्याला द्या. बैठकीत बऱ्याचदा तेवढाच वाचला जातो. पहिल्या तीन वाक्यांत: काय माहीत नाही, तुम्ही काय मोजणार, ते कळल्यावर काय बदलेल. मग दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याला वाचायला द्या. रसायनवाल्याला, नाहीतर सांख्यिकीच्या मॅडमना. दहा मिनिटांनी कागद काढून घ्या आणि म्हणा, 'आता सांगा, मी काय करणार आहे?' ते जे सांगतील तेच समितीत सांगितलं जाणार आहे.

पूर्वतयारीचा पुरावा थोडा तरी हवा. मी दोन डबक्यांतून आणलेल्या मातीत पाणी घालून आठवडाभर काय उगवतं ते बघितलं होतं. एक आलेख, एक फोटो. कॉलेज स्वतःच्या खिशातून सुरुवातीला देतं त्या छोट्या रकमेत, सीड मनीत, होण्याइतकं काम. पण 'हिला हे जमतं' हे त्या आलेखाने जेवढं पटवलं, तेवढं माझ्या शोधनिबंधांच्या यादीने पटवलं नसेल.

पद्धतीच्या भागात 'प्रमाणित पद्धतीने' असं लिहून सुटू नका. नमुने किती, कुठून, किती वेळा, तुलना कशाशी, आकडेमोड कोणती. आणि हे फसलं तर काय करणार. शेवटची ओळ बहुतेक जण टाळतात, दुबळेपणा दिसेल म्हणून. परीक्षकाला ती दिसली की उलट हायसं वाटतं. जे घरी होत नाही ते कुठे करून घेणार तेही लिहा. मोठी उपकरणं पवईच्या आयआयटीतल्या एसएआयएफसारख्या सामायिक उपकरण-केंद्रांत शुल्क भरून वापरता येतात. देशभरातली उपकरणं कुठे आहेत ते 'आय-स्टेम' पोर्टलवर सापडतं. जिवाणूंचे वाण जपायला पुण्यात नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स आहे. 'आमच्याकडे नाही' हे लपवण्यापेक्षा 'तिथे करून घेऊ, संमतीपत्र सोबत' हे केव्हाही भारी.

आणि वेळापत्रक. त्यात 'जून २०२६: नमुने गोळा करणे' असं लिहिलंत तर फसलात. मंजुरी कुठल्या महिन्यात येईल ते तुमच्या हातात नाही. माझ्या मंजूर प्रकल्पाचं पत्र ऑक्टोबरात आलं, डबकी आटत असताना. पहिला अख्खा पावसाळा हातचा गेला आणि वर्षभर समितीला उशिराची कारणं लिहीत बसले. म्हणून वेळापत्रक 'महिना १ ते ६' असं मांडा, आणि काम ऋतूवर अवलंबून असेल तर मंजुरी पावसाच्या आधी आल्यास काय, नंतर आल्यास काय, या दोन वाटा दाखवा. वनखात्याच्या हद्दीत जायचं असेल तर परवानगीचे महिनेही त्यातच धरा.

बजेट

बजेटमध्ये दोन मोठे गट: उपकरणं म्हणजे नॉन-रिकरिंग, एकदाच होणारा खर्च, आणि रिकरिंग म्हणजे पुन्हा पुन्हा होणाऱ्या खर्चात मनुष्यबळ, रसायनं-काचसामान, प्रवास, किरकोळ. वर संस्थेच्या वरखर्चासाठी ओव्हरहेड.

आधी माणसाचा हिशेब करा, कारण तोच सगळं खातो. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफचं (प्रकल्पावरच्या कनिष्ठ संशोधक विद्यार्थ्याचं) मानधन महिना ३७,००० आणि एसआरएफचं (वरिष्ठाचं) ४२,००० आहे, घरभाडं वेगळं. दोन वर्षं जेआरएफ म्हणजे ८,८८,०००; तिसऱ्या वर्षी एसआरएफ म्हणजे ५,०४,०००. झाले १३,९२,०००. घरभाडं धरलं की ३० लाखांच्या प्रकल्पातला निम्म्याहून जास्त पैसा एका विद्यार्थ्यावर गेला. उरलेल्यात उपकरण, रसायनं, प्रवास. हा हिशेब न करता १२ लाखांचं उपकरण मागणारे अर्ज मी वाचलेत. तिथे लिहिणाऱ्याने प्रकल्प डोक्यात चालवूनच बघितलेला नसतो, हे लगेच कळतं.

'मागू जास्त, कापतील तेवढं कापतील' हा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. समितीतले लोक स्वतः प्रयोगशाळा चालवतात, त्यांना सेंट्रिफ्यूजची किंमत माहीत असते. फुगवलेला एक आकडा सापडला की बाकी सगळ्या आकड्यांवरचा विश्वास जातो. प्रत्येक उपकरणासमोर एक ओळ लिहा: हे कोणत्या उद्दिष्टाला लागतं आणि संस्थेत असलेल्याने का भागणार नाही. कोटेशन ताजं घ्या.

नकार आला तर

आधी दोन दिवस काही करू नका. मग शेरे वाचा. 'समितीने शिफारस केली नाही' एवढीच ओळ असेल तर कार्यक्रम अधिकाऱ्याकडे परीक्षकांची मतं नम्रपणे मागा. एक परीक्षक 'उत्कृष्ट' म्हणतो आणि दुसरा 'नवीन काही नाही', असं झालं तर ते तुमच्याच नशिबी आलं असं समजू नका. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एनआयएचचे २५ अर्ज ४३ परीक्षकांना वाचायला दिले. एकाच अर्जावर त्यांच्या गुणांत एकमत जवळपास नव्हतंच. न्यूझीलंडची आरोग्य संशोधन परिषद तर २०१३ पासून काही अनुदानांत पात्र ठरलेल्या अर्जांमधून सरळ चिठ्ठ्या टाकू लागली, आणि स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय निधीनेही अगदी काठावरच्या अर्जांसाठी तीच वाट धरली.

तेव्हा शेऱ्यांचे दोन ढीग करा. दोन परीक्षकांनी तीच गोष्ट म्हटली असेल तर ती खरी, ती दुरुस्त करा. एकानेच म्हटली आणि ती अर्जात स्पष्ट लिहिलेली होती, तर तीही तुमचीच चूक: त्याला ती सापडली नाही, म्हणजे ती पाचव्या पानावर होती. ती पहिल्या पानावर आणा. पुन्हा अर्ज करायची सोय असेल तर काय बदललं ते सुरुवातीलाच सांगा, परीक्षकाशी वाद न घालता.

मंजुरी आल्यावर

सँक्शन ऑर्डर वाचा, दोनदा. मागितलेलं आणि मिळालेलं यांत फरक असतो. बजेट कापलं असेल तर उद्दिष्टंही त्या प्रमाणात कमी करायची लेखी परवानगी आताच मागा; तीन वर्षांनी अंतिम अहवालाच्या वेळी ते कुणी ऐकत नाही.

पैसे हप्त्यांनी येतात आणि पुढच्या हप्त्याची किल्ली म्हणजे यूसी, उपयोगिता प्रमाणपत्र, केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या (जीएफआर) १२-ए नमुन्यात, सोबत खर्चाचं विवरण. हे आर्थिक वर्षाप्रमाणे असतं, तुमच्या प्रकल्पाच्या वर्षाप्रमाणे नव्हे. मार्चमध्ये पैसे आले तरी ३१ मार्चचं यूसी द्यावं लागतं. एका वर्षी आमच्या सीएच्या प्रमाणपत्रावर यूडीआयएन, म्हणजे सीएने प्रत्येक प्रमाणपत्रावर घालायचा ओळख क्रमांक, राहिला. कागद परत आला, सही पुन्हा, शिक्का पुन्हा, आणि तोवर अनुदान देणाऱ्यांचं आर्थिक वर्ष संपलं. हप्ता सात महिने उशिरा. माझ्या विद्यार्थिनीने ते सात महिने शिकवण्या करून काढले. त्यानंतर यूसीचा कागद मी स्वतः हातात धरून टेबलाटेबलावर नेते. लेखा विभागातल्या माणसाशी ओळख करून घ्या, प्रकल्प काय आहे ते त्यांनाही सांगा. ते लोक तुमचा प्रकल्प वाचवू शकतात.

खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून, ही सरकारी पैशांची सर्वसाधारण अट. वैज्ञानिक साहित्याच्या बाबतीत तिने बराच मनस्ताप दिल्यावर सवलती आल्या. जून २०२५ मध्ये थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर गेली. तुमच्या संस्थेला ती लागू आहे का, हे ऑर्डर देण्याआधी लेखी विचारून घ्या. न वापरलेले पैसे आणि त्यांवरचं व्याज परत करावं लागतं. म्हणून उपकरण पहिल्या सहा महिन्यांत आणि रसायनं वर्षभर थोडी थोडी घ्या. फेब्रुवारीत घाईने घेतलेल्या रसायनांच्या बाटल्या मुदत संपून फ्रीजमध्ये पडलेल्या मी पुष्कळ ठिकाणी पाहिल्यात, माझ्याकडेही.

पुढचा अर्ज कधी भरायचा? प्रकल्प संपल्यावर नाही. अर्ज भरण्यापासून पहिला हप्ता येईपर्यंत वर्ष सहज जातं, आणि तिसरं वर्ष संपलं की त्याच महिन्यापासून विद्यार्थ्याचं मानधन थांबतं. त्याची पीएचडी बहुतेक तेव्हा अर्धीच झालेली असते. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत बसा, हातात आलेल्या पहिल्या निकालांवरून नवा प्रश्न लिहा, आणि जानेवारीत तो रसायनवाल्या सहकाऱ्याला वाचायला द्या.